टॉम विल्सन : लोकगायकांच्या पाठीशी वीजवाद्ये उभी करणारा निर्माता

षड्जपंचम (धागाकर्ता)

गेल्या रविवारी दिवसभर पाऊस होता म्हणून बॉब डिलनची १९६५ सालची 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' ही तबकडी पुष्कळ दिवसांनी लावली. तिच्या पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात डिलन एकटाच गिटार घेऊन सुरू करतो, साथीदारांना आत यायला उशीर होतो आणि तो गाता गाता हसू लागतो. त्याच्या पाठोपाठ आणखी एका माणसाचे मोठे, मोकळे हसणे ऐकू येते. मग गाणे नव्याने सुरू होते, आणि या वेळी सगळी वाद्ये सोबत असतात. फसलेली सुरुवात कापून टाकता आली असती, पण ती तशीच ठेवली गेली. ते दुसरे हसणे निर्माता टॉम विल्सन याचे आहे. अमेरिकेतील लोकसंगीत आणि रॉक यांच्यामधली भिंत १९६३ ते १९६८ या काळात ज्यांनी पाडली, त्यांत या माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि तरीही आपल्याकडे डिलनवर भरभरून बोलणाऱ्या रसिकांना त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. म्हणून हा धागा.

विल्सनचा जन्म १९३१ साली टेक्सासमधील वेको या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. १९५४ साली त्याने हार्वर्डची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी उसन्या पैशांवर 'ट्रान्झिशन' नावाची छोटी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. सन रा आणि सेसिल टेलर या दोन अत्यंत धाडसी जॅझ संगीतकारांच्या पहिल्या तबकड्या याच कंपनीने काढल्या. कंपनी फार काळ टिकली नाही, पण त्या तबकड्या जॅझच्या इतिहासात राहिल्या. वयाच्या पंचविशीत, इतर कोणी दार उघडत नसताना अशा कलावंतांना मुद्रित करणाऱ्या माणसाचा कान कसा असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

पुढे कोलंबिया कंपनीत नोकरीला लागल्यावर त्याच्याकडे डिलनचे काम आले. डिलनला कंपनीत आणणारे जॉन हॅमंड आणि डिलनचे व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांचे पटेनासे झाले होते, आणि 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन'ची अखेरची काही गाणी एप्रिल १९६३ मध्ये विल्सनने मुद्रित केली. तबकडीवर नाव मात्र हॅमंड यांचेच राहिले. आपल्याला लोकसंगीताची मुळीच आवड नव्हती, एक गिटार घेऊन गाणारी ही मंडळी आपल्याला भोळसट वाटत असत, पण डिलनचे शब्द कानी पडले आणि आपण थक्क झालो, असे विल्सनने पुढे एका मुलाखतीत मोकळेपणी सांगितले. या मुलाच्या मागे नीट वाद्ये उभी केली तर सांगण्यासारखे काही असलेला एक गोरा रे चार्ल्स (तेव्हाचा गाजलेला कृष्णवर्णीय गायक) तयार होईल, असे त्याने तेव्हाच ग्रॉसमनला सुचवले होते.

माझ्या मते सगळे मर्म इथे आहे. लोकसंगीताच्या भक्तांना डिलनची गिटार आणि माउथऑर्गन पवित्र वाटत होते. विल्सन त्या देवळातला नव्हता, म्हणून त्याला त्या आवाजाच्या मागची मोकळी जागा ऐकू आली. तरीही त्याने घाई केली नाही. 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन' आणि 'अनदर साइड ऑफ बॉब डिलन' या १९६४ सालच्या दोन्ही तबकड्या त्याने साथसंगतीशिवायच ठेवल्या. दुसरी तर त्याने ९ जून १९६४ रोजी एका बैठकीत, एकाच रात्री मुद्रित केली. डिसेंबरमध्ये त्याने डिलनच्या आधीच्या काही मुद्रणांवर विजेची वाद्ये चढवून पाहिली. तो प्रयोग साधला नाही. जानेवारी १९६५ मध्ये मात्र वादक आणि गायक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवू लागले, आणि मी वर सांगितलेले हसणे त्याच दिवसांतले आहे.

त्यानंतरचा जून महिना मला आजही विलक्षण वाटतो. १५ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ध्वनिमुद्रण कक्षात डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'वर काम सुरू झाले. त्याच दिवशी विल्सनने आणखी एक गोष्ट केली. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांची ऑक्टोबर १९६४ मध्ये निघालेली पहिली तबकडी खपली नव्हती, दोघे वेगळे झाले होते, सायमन युरोपात गात हिंडत होता. त्या तबकडीतील 'द साउंड ऑफ सायलेन्स' या फक्त गिटारवर गायलेल्या गाण्यावर विल्सनने विजेच्या गिटारी, बास आणि ड्रम चढवले. गायकांना त्याने विचारले नाही, कळवलेही नाही. १ जानेवारी १९६६ रोजी ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. फुटलेली जोडी पुन्हा एकत्र आली आणि पुढचे सगळे आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, 'लाइक अ रोलिंग स्टोन' अखेर जमले. विल्सनने अल कूपर या एकवीस वर्षांच्या गिटारवादकाला नुसते पाहायला बोलावले होते. मूळ ऑर्गनवादक पियानोकडे गेला, तशी कूपर गुपचूप ऑर्गनवर जाऊन बसला. हा काही ऑर्गनवादक नव्हे, हे विल्सनला पक्के ठाऊक होते, पण त्याला पाहिल्यावर त्याने उठवले नाही, मुद्रण चालू ठेवले. नंतर ऐकताना डिलनने ऑर्गन वाढवायला सांगितले, तेव्हा विल्सनने हा ऑर्गनवादक नव्हे असे बजावले आणि मग वाढवलाही. त्या गाण्याची ओळख आज त्याच ऑर्गनने होते.

सहा आठवड्यांनंतर, जुलै संपण्याआधी, डिलनचा निर्माता बदललेला होता. विल्सनच्या जागी बॉब जॉन्स्टन आला आणि विल्सन एमजीएम-व्हर्व्ह या कंपनीकडे गेला. तिथल्या कामाविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

भैरवी_ठाणे

लेख मनापासून आवडला. माझी एक शंका आहे. आपल्याकडे गाणे कोणाचे असे विचारले की आपण गायक, कवी आणि संगीतकार सांगतो, फार तर संगीत संयोजकाचे नाव घेतो. मग निर्माता नेमके काय करतो? पैसे घालणारा तो नव्हे, हे तुमच्या लेखावरून कळले.

मला स्वतःला एकच जवळचे उदाहरण आठवते, ते जी. एन. जोशी यांचे. ते स्वतः भावगीतगायक होते आणि एचएमव्हीच्या मुंबई कार्यालयात त्यांनी कित्येक दशके मोठमोठ्या गवयांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करण्याचे काम केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तीन तरुणांना एकत्र आणणाऱ्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीचे निर्माते तेच होते. संतूर, बासरी आणि गिटार ही वाद्ये शास्त्रीय मंचावर तेव्हा तुलनेने नवखी होती. त्यांच्यावर विश्वास टाकणे हेच निर्मात्याचे काम असेल, तर विल्सन मला लगेच समजतो.

तबकडीसंग्राहक

भैरवीताई, तुमचे उदाहरण चपखल आहे. कोणाला, कोणासोबत, कोणत्या खोलीत बसवायचे, कुठले मुद्रण ठेवायचे आणि कुठे गप्प बसायचे, हे निर्माता ठरवतो. विल्सनच्या बाबतीत गप्प बसणे फार महत्त्वाचे आहे.

धागाकर्त्यांनी विचारलेला एमजीएमचा काळ मला अधिक प्रिय आहे. १९६५ च्या अखेरीस विल्सनने लॉस एंजेलिसमधल्या एका क्लबमध्ये फ्रँक झॅपा या रॉक संगीतकाराच्या मंडळींना ऐकले. ते त्या वेळी वॉट्स या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या दंगलीवरचे गाणे वाजवत होते, आणि ही ब्लूज वाजवणारी गोऱ्यांची एक टोळी आहे असा समज करून घेऊन त्याने करार केला. मुद्रणाच्या पहिल्या दिवशी दुसरे गाणे ऐकले तेव्हा त्याचा समज गळून पडला. तो नियंत्रण कक्षातून थेट न्यूयॉर्कला फोन करत बसला होता, असे झॅपाने लिहून ठेवले आहे. दुसरा कोणी असता तर त्याने मुद्रण थांबवले असते. विल्सनने जास्त पैसे मागून घेतले, मोठा वाद्यमेळ उभा करू दिला, आणि १९६६ साली 'फ्रीक आउट!' दोन तबकड्यांच्या संचात निघाली. एखाद्या नव्या रॉक मंडळाच्या पहिल्याच प्रकाशनाला दोन तबकड्या देणे, हे तेव्हा जवळजवळ न ऐकलेले होते. यात त्याची स्वतःची नोकरी पणाला लागली होती, हे झॅपाने कृतज्ञतेने सांगितले आहे.

त्याच वर्षी त्याने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या रॉक मंडळाला व्हर्व्हवर घेतले. केळ्याच्या चित्राच्या त्या प्रसिद्ध पहिल्या तबकडीवर निर्माता म्हणून चित्रकार अँडी वॉरहॉलचे नाव आहे, पण मे १९६६ मध्ये हॉलिवूडला काही गाणी पुन्हा मुद्रित करून घेणारा आणि पुढे 'संडे मॉर्निंग' करणारा विल्सनच होता. त्यांची दुसरी तबकडी, १९६८ सालची 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट', पूर्णपणे त्याची निर्मिती आहे. तिचे शेवटचे गाणे सतरा मिनिटांहून अधिक चालते आणि त्यात वाद्ये एकमेकांवर अक्षरशः चालून जातात. आपल्याला विल्सनइतका चांगला निर्माता पुन्हा मिळाला नाही, असे त्या मंडळातला जॉन केल पुढे म्हणाला. जो माणूस १९५६ साली सेसिल टेलरचा पियानो ऐकून घाबरला नव्हता, तो १९६८ साली या आवाजाला का घाबरेल?

जुनी_टेप

मी मुंबईत ध्वनिमुद्रक म्हणून बत्तीस वर्षे काम केले, आता निवृत्त आहे. विल्सनच्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु 'गायकांना विचारले नाही, कळवलेही नाही' हे वाक्य लेखात जितक्या सहजपणे येऊन गेले, त्याने मला त्रास झाला.

ऐंशीच्या दशकात एका कॅसेट कंपनीसाठी आम्ही एका शाहिरांचे पोवाडे मुद्रित केले होते. डफ, तुणतुणे, झांज आणि झीलकरी, इतकेच. शाहीर दोन दिवसांत काम संपवून गावी गेले. नंतर कंपनीला ते फार कोरडे वाटले, म्हणून त्यावर सिंथेसायझर आणि तालयंत्र चढवण्यात आले. ते काम माझ्या हातून झाले आहे. पुढच्या वर्षी शाहिरांनी ती कॅसेट एका जत्रेत ध्वनिक्षेपकावर ऐकली. ते मला भेटायला मुंबईत आले, रागावले नाहीत, चहाही घेतला, आणि निघताना एवढेच म्हणाले की माझ्या तुणतुण्याची तार कुठे ऐकू येत नाही. कॅसेट बऱ्यापैकी खपली होती. मला मात्र ती पुन्हा कधी ऐकवली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की पहिल्या क्रमांकाने त्या कृतीचे समर्थन होत नाही. नवे मुद्रण पहिल्यांदा ऐकले तेव्हा सायमनला धक्का बसला होता, असे सांगतात. ते गाणे पडले असते तर आज आपण विल्सनला काय म्हटले असते?

षड्जपंचम (धागाकर्ता)

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या वाक्यावर मी थांबायला हवे होते, हे मान्य करतो, आणि थांबलो असतो तर तुमच्या बाजूचे एक उदाहरण मलाच द्यावे लागले असते.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंडसोबत गाणाऱ्या निकोची पहिली स्वतंत्र तबकडी 'चेल्सी गर्ल' १९६७ साली विल्सननेच केली. तिने गायिले, गिटारी वाजल्या, आणि नंतर तिला न विचारता लॅरी फॅलन या संयोजकाकडून तंतुवाद्ये आणि बासरी वर चढवली गेली. मी ड्रम मागितले ते दिले नाहीत, आणखी गिटारी मागितल्या त्याही दिल्या नाहीत, आणि ती बासरी ऐकून मला रडू आले, अशी निकोची तक्रार शेवटपर्यंत राहिली. म्हणजे १५ जून १९६५ ला जे केले, तेच त्याने दोन वर्षांनी पुन्हा केले. एकदा त्याने एका गाण्याला आयुष्य दिले, एकदा एका गायिकेला तिच्याच तबकडीत पाहुणी करून टाकले.

मला यातला फरक असा वाटतो. 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणे आतून ठेका मागत होते. त्या वसंत ऋतूत बर्ड्स या मंडळाने डिलनचेच गाणे विजेच्या गिटारीवर गाजवले होते, त्यामुळे श्रोत्यांचा कानही तयार होता. निकोच्या आवाजाला शेजारी गोडवा नको होता, रिकामी जागा हवी होती, आणि ती जागा विल्सनला त्या वेळी ऐकू आली नाही. डिलनच्या मागची मोकळी जागा ज्याने ऐकली, त्याचाच कान इथे चुकला. परंतु तुमचा मुद्दा कानाचा नसून विचारण्याचा आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

केंब्रिजकर

मी अठरा वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, त्यामुळे या चर्चेत दोन गोष्टी जोडतो.

पहिली अशी की 'द साउंड ऑफ सायलेन्स'चे जुने मुद्रण विल्सनने सहज उचलले नव्हते. १९६५ च्या वसंतात बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेड नभोवाणी केंद्रावरून ते रात्री वाजवले जाऊ लागले आणि इथल्या महाविद्यालयीन मुलांनी ते उचलून धरले. फ्लोरिडातही तशीच मागणी येऊ लागली. कंपनीकडे ही बातमी पोहोचली, तेव्हा विल्सन हलला. मेलेल्या गाण्यात त्याने प्राण फुंकले, असे म्हणण्यापेक्षा श्रोत्यांच्या कानाला त्याने कान दिला, असे म्हणणे मला जास्त खरे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीत त्या काळी कृष्णवर्णीय निर्माता असणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. डिलनच्या १९६३ आणि १९६४ सालच्या गाण्यांत नागरी हक्कांचा लढा ठायी ठायी आहे, कृष्णवर्णीयांच्या हत्यांवरची गाणी आहेत. ती गाणी काचेच्या पलीकडे बसून मुद्रित करणारा माणूस वेको गावात वाढलेला होता, जिथे १९१६ साली जेसी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय तरुणाला हजारोंच्या जमावासमोर जाळून मारण्यात आले होते. विल्सनने यावर फार बोलून ठेवलेले नाही, आणि त्याच्या मनात काय होते हे आपण ठरवू नये. तरीही 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन' ऐकताना ती काच मला आठवत राहते.

तबकडीसंग्राहक

केंब्रिजकर, तुम्ही लिहिले ते बरे झाले. आणखी एक जोड देतो. एमजीएममध्ये असतानाच दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या ह्यू मासेकेला या ट्रम्पेटवादकाचीही तबकडी विल्सनने केली, आणि ॲनिमल्स या इंग्रज मंडळाचाही तो निर्माता झाला. ॲनिमल्सनी १९६४ साली 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुने लोकगीत रॉकमध्ये गाजवले होते. डिसेंबर १९६४ च्या ज्या फसलेल्या प्रयोगाचा धाग्यात उल्लेख आहे, त्यात विल्सनने डिलनच्या याच गीतावर वाद्ये चढवून पाहिली होती. तेव्हा न जमलेली वाट त्याच्या मनात सहा महिने फिरत राहिली असणार, आणि जूनमध्ये सायमन-गारफंकलच्या गाण्याला ती सापडली.

६ सप्टेंबर १९७८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय सत्तेचाळीस. ज्यांना त्याने मुद्रित केले, त्यांच्यावर ग्रंथांची कपाटे भरली आहेत.

भैरवी_ठाणे

काल रात्री मी 'द साउंड ऑफ सायलेन्स'ची दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली. आधी १९६४ चे, मग १९६५ चे. गाणे तेच, आवाज तेच, अगदी श्वासही तेच. तरीही पहिल्यात दोन मुले एका खोलीत एकमेकांना काही सांगताहेत असे वाटले, आणि दुसऱ्यात तेच दोघे भर रस्त्यात उभे राहून बोलताहेत. मला दोन्ही हवी आहेत. जुनी_टेप काका, तुमच्या शाहिरांचे मूळ मुद्रण, तुणतुण्याचे, कुठे शिल्लक आहे का?

जुनी_टेप

मूळ टेप कंपनीने पुसून पुन्हा वापरली. त्या काळी टेप महाग असे, सगळीकडे असेच होत होते. कोलंबियाने सायमन-गारफंकलच्या गाण्याची मूळ टेप जपली, म्हणून भैरवीताईंना काल रात्री दोन्ही ऐकता आली. विल्सनच्या बाजूने मी एवढी गोष्ट जमेस धरतो.

तुम्ही पुन्हा ऐकणार असाल तर ड्रमकडे लक्ष द्या. दोघांनी मूळ गाणे फक्त गिटारवर गायले होते, त्यामुळे त्यांची लय शब्दांप्रमाणे थोडी पुढेमागे होते. ठोक्याला बांधून घेतलेल्या वादकांना आधीच मुद्रित झालेल्या गाण्याच्या मागे जाणे फार अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या तालयंत्राला ते जमत नव्हते, म्हणून आम्ही शाहिरांच्या ओळी कापून ठेक्यात बसवल्या. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बॉबी ग्रेग ड्रमवर होता, तोच जो डिलनच्या गाण्यातही वाजवत होता. एके ठिकाणी गायक रेंगाळतात, आणि तिथे सगळी वाद्ये त्यांच्यासाठी मागे सरकतात. हेडफोन लावून ऐका, स्पष्ट कळते.